गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (२७ जुलै १९३८, शिकागो – ४ मार्च २००८, लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन) हे अमेरिकन खेळरचनाकार, लेखक व संपादक होते. डेव्ह आर्नसन यांच्यासमवेत त्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ सिद्ध केला. मेजाभोवती बसून, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन आणि फासे टाकून खेळायच्या अद्भुतरम्य खेळांची परंपरा १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या खेळापासून सुरू झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ह्या खेळासाठी गायगॅक्स यांनी लिहिलेल्या साहसपुस्तिका आजही खेळल्या जातात आणि त्यांच्या गुणदोषांवर चाहते आजही हिरिरीने वाद घालतात.

खेळाचे स्वरूप

गायगॅक्स यांचे कार्य समजण्यासाठी हा खेळ कसा चालतो हे ठाऊक असणे आवश्यक आहे. सोंगट्यांच्या किंवा सापशिडीच्या खेळात पट ठरलेला असतो, घरे मोजलेली असतात आणि शेवटी कोणी तरी जिंकते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पट असलाच पाहिजे असे नाही आणि जिंकणे-हरणेही नाही. एक खेळाडू सूत्रधार होतो. त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. इतर खेळाडू योद्धा, मांत्रिक, पुरोहित, चोर अशी पात्रे धारण करतात. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, आपले पात्र काय करील हे खेळाडू सांगतात आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासे निर्णय देतात.

साहसपुस्तिका, म्हणजेच 'मॉड्यूल', ही सूत्रधारासाठी लिहिलेली असते. समजा, नळदुर्गाचा नकाशा काढला, त्यातील प्रत्येक बुरुजाला व दालनाला क्रमांक दिला, बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटातील पाणीमहालात कोण दबा धरून बसले आहे आणि कोणत्या कोनाड्यात काय दडवले आहे हे क्रमवार लिहून काढले, पण तिथे पोहोचलेले लोक काय करतील हे मात्र लिहिले नाही, तर जे हाती येईल ते मॉड्यूल होय. ती कथा नव्हे. कथेची जागा आहे. एकच पुस्तिका दोन गावांतील दोन गट खेळले, तर दोन निराळ्या कथा घडतात. चाहत्यांच्या चर्चांना खंड पडत नाही, त्याचे एक कारण हेच आहे.

ह्या खेळाची वंशावळ शोधत मागे गेले तर ती भारतापर्यंत येते. चतुरंगापासून बुद्धिबळ झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट वाढवून युद्धाचा खेळ तयार केला. त्यातून पुढे प्रशियाच्या सैन्याचा 'क्रीग्जश्पील' निघाला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिट्ल वॉर्स' ह्या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम दिले. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत युद्धखेळांची जी हौस पसरली, तिच्यात गायगॅक्स वाढले.

जन्म आणि बालपण

गॅरी यांचे वडील अर्न्स्ट हे स्वित्झर्लंडमधून अमेरिकेत आलेले. ते शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्ये व्हायोलिन वाजवत. पुढे त्यांनी कपड्यांच्या विक्रीचा व्यवसाय केला. आई आल्मिना ह्या लेक जिनिव्हा ह्या विस्कॉन्सिनमधील लहान गावच्या. आईला आवडणाऱ्या गॅरी कूपर ह्या नटावरून मुलाला गॅरी हे नाव मिळाले आणि घरीदारी तेच रूढ झाले. शिकागोत पोरांच्या टोळ्यांची एक मोठी मारामारी झाली, तीत आठ वर्षांचा गॅरीही होता. त्यानंतर १९४६ साली वडिलांनी कुटुंब लेक जिनिव्हाला हलवले.

वडील रात्री झोपताना चेटकी, राक्षस आणि वीर यांच्या गोष्टी रचून सांगत. बुद्धिबळ व पत्ते शाळेत जाण्याच्या वयापासूनच हाती आले. गावाबाहेर ओक हिल नावाचे एक ओस पडलेले आरोग्यधाम होते. त्याच्या खालच्या भुयारांतून मुले हिंडत, आणि त्यांत गॅरी असे. रॉबर्ट ई. हॉवर्ड यांच्या कोनन ह्या रानवट वीराच्या कथा, तसेच जॅक व्हॅन्स व फ्रिट्झ लायबर यांचे लेखन त्यांनी अधाशासारखे वाचले. मराठीत 'मुक्तामाला', 'मंजुघोषा'पासून नाथमाधवांच्या 'वीरधवल'पर्यंत अद्भुतरम्य कादंबरीचा जो प्रवाह वाहिला, त्याचा अमेरिकी चुलतभाऊ म्हणजे स्वस्त कागदावर छापलेल्या ह्या मासिकांतील कथा होत. पुढे १९७९ साली गायगॅक्स यांनी सूत्रधारांसाठी लिहिलेल्या ग्रंथाच्या परिशिष्टात आपल्यावर प्रभाव टाकणाऱ्या लेखकांची यादीच दिली. अनेक विसरले गेलेले लेखक त्या यादीमुळे पुन्हा वाचले गेले.

१९५६ च्या आरंभी वडील वारले. शालेय शिक्षण अर्धवट राहिले. मरीन दलात ते भरती झाले, परंतु फुफ्फुसाच्या आजारामुळे लवकरच परत आले. शिकागोतील एका विमा कंपनीत माल पाठवण्याच्या विभागात कारकून म्हणून त्यांनी नोकरी धरली. १९५८ मध्ये मेरी जो पॉवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ह्या दांपत्याला पाच अपत्ये झाली.

तळघरातील मंडळी

१९५८ च्या डिसेंबरात 'गेटिसबर्ग' हा अमेरिकी यादवी युद्धावरचा खेळ त्यांच्या हाती पडला आणि त्यांना युद्धखेळांचे वेड लागले. दिवसा विम्याचे काम आणि रात्री कोणाच्या तरी तळघरात लढाया, असा क्रम बसला. पतीचे अन्यत्र कुठे सूत जुळले असावे अशा संशयाने मेरी जो ह्या गरोदर असताना एका मित्राच्या घरी जाऊन थडकल्या, तो तळघरात नकाशे पसरलेल्या मेजाभोवती बसलेली पुरुषमंडळी दिसली, ही हकीकत चाहत्यांत प्रसिद्ध आहे.

निरनिराळ्या शक्यतांसाठी सहा बाजूंचा फासा त्यांना अपुरा वाटे. शालेय साहित्याच्या एका सूचीत भूमितीतील सुसम घनाकृतींचा संच त्यांना आढळला: चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांच्या आकृती. गणिताच्या तासाला दाखवायच्या ह्या वस्तू फासे म्हणून वापरण्याची कल्पना पुढे ह्या खेळाची ओळखच बनली.

१९६७ साली त्यांच्या घरी सुमारे वीस खेळाडू जमले. पुढल्या वर्षी त्यांनी गावातील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन मेळावा भरवला. हाच पहिला 'जेन कॉन' होय. लेक जिनिव्हातील मेळावा आणि युद्धकैद्यांविषयीचा प्रख्यात जिनिव्हा करार अशी दुहेरी कोटी ह्या नावात आहे. आता इंडियानापोलिस येथे भरणाऱ्या ह्या मेळाव्याला साठ हजारांहून अधिक लोक येतात. १९६९ च्या मेळाव्यात मिनेसोटातील डेव्ह आर्नसन ह्या तरुणाशी गायगॅक्स यांची ओळख झाली.

१९७० च्या ऑक्टोबरात गायगॅक्स यांची विम्याची नोकरी गेली. पाच लेकरांचा संसार. त्यांनी घरीच पादत्राणे दुरुस्त करण्याचे काम सुरू केले आणि उरलेल्या वेळात खेळांचे लेखन-संपादन केले. जेफ पेरेन यांच्यासह लिहिलेला 'चेनमेल' हा मध्ययुगीन लढायांचा नियमसंग्रह १९७१ मध्ये निघाला. त्याच्या शेवटी ड्रॅगन, मांत्रिक इत्यादींसाठी एक पुरवणी होती. ऐतिहासिक अचूकतेचा आग्रह धरणाऱ्या काही खेळाडूंना ती पोरकट वाटली, परंतु खप तिच्यामुळेच झाला.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची निर्मिती

मिनीआपोलिस–सेंट पॉल येथे डेव्हिड वेझली यांनी 'ब्राउनश्टाइन' ह्या खेळात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक व्यक्ती दिली होती. आर्नसन यांनी ही कल्पना उचलून 'ब्लॅकमूर' नावाचे काल्पनिक राज्य उभे केले आणि खेळाडूंना वाड्याखालच्या भुयारांत उतरवले. पात्र एका खेळातून दुसऱ्या खेळात जिवंत राहते, अनुभवाने वाढते, ही मूलभूत कल्पना तेथे रुजली. १९७२ च्या अखेरीस आर्नसन लेक जिनिव्हाला आले आणि त्यांनी हा खेळ गायगॅक्स यांच्या घरी खेळून दाखवला.

त्यानंतर गायगॅक्स यांनी आपला 'ग्रेहॉक' किल्ला व त्याखालचे मजले रचले. पहिले खेळाडू त्यांची मुले अर्नी आणि एलीज हे होते. आर्नसन यांच्या टिपणांवरून व स्वतःच्या अनुभवावरून त्यांनी प्रथम ५० व नंतर १५० पृष्ठांचा मसुदा टंकलिखित केला. नावासाठी शब्दांच्या जोड्या मांडल्या होत्या, त्यांतील एक जोडी धाकट्या मुलीला आवडली आणि तीच कायम झाली. प्रस्थापित प्रकाशकांनी मसुदा नाकारला. तेव्हा १९७३ च्या ऑक्टोबरात गायगॅक्स व बालमित्र डॉन के यांनी 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' (टीएसआर) ही संस्था काढली. छपाईला पैसे कमी पडले, म्हणून ब्रायन ब्लूम यांना २,००० डॉलर घेऊन भागीदार करण्यात आले. १९७४ च्या जानेवारीत तीन पुस्तिकांची पेटी १० डॉलर किमतीला विक्रीस आली. १,००० प्रती घरीच हाताने जुळवलेल्या होत्या. वर्षाच्या आत त्या संपल्या.

ह्या खेळाचा जनक कोण, ह्यावर पुष्कळ वाद झाला आहे. कल्पनेचे बीज बहुतांशी आर्नसन यांचे आणि ते इतरांना खेळता येईल असे लिहून, छापून, विकून दाखवण्याचे श्रम गायगॅक्स यांचे, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. आर्नसन १९७६ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढील 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीवर केवळ गायगॅक्स यांचे नाव आले, तेव्हा १९७९ साली आर्नसन यांनी मानधनासाठी दावा लावला. १९८१ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली.

साहसपुस्तिका आणि चाहते

तयार साहसे कोणी विकत घेईल असे प्रारंभी कंपनीला वाटत नव्हते. ज्याला खेळाची आवड आहे तो आपली भुयारे आपणच रचील, अशी समजूत होती. १९७६ मध्ये 'जजेस गिल्ड' ह्या संस्थेने नकाशे व एका नगरीचे वर्णन छापून विकले आणि ही समजूत खोटी ठरली.

गायगॅक्स यांच्यापाशी स्पर्धांसाठी लिहिलेली साहसे तयारच होती. 'टूम ऑफ हॉरर्स' हे १९७५ च्या 'ओरिजिन्स' मेळाव्यात खेळवले गेले व १९७८ मध्ये छापले गेले. आपली पात्रे अजिंक्य आहेत असे मिरवणाऱ्या निष्णात खेळाडूंसाठी रचलेली ही एका मृत मांत्रिकाची कबर आहे. तिथे शत्रू थोडे आणि सापळे फार. तलवारीपेक्षा सावधपणा कामाचा. खेळाडूंना दाखवण्यासाठी स्वतंत्र चित्रपुस्तिका जोडलेली होती. ही रचना बुद्धीची खरी परीक्षा आहे की सूत्रधाराने केलेला छळ, ह्यावर तेव्हापासून दोन पक्ष आहेत. दोन्ही पक्षांचे लोक ती पुनःपुन्हा खेळतात, हे विशेष.

'प्लेयर्स हँडबुक'च्या कामातून उसंत मिळताच १९७८ मध्येच त्यांनी महाकाय दैत्यांविरुद्धची तीन साहसे लिहिली. दैत्यांच्या धाडींमागे कोणी तरी अज्ञात सूत्र हलवत आहे हे खेळाडूंना पुस्तिकेगणिक उलगडत जाते आणि अखेरीस ते 'ड्राउ' ह्या कृष्णवर्णी भूमिगत जमातीच्या नगरीत पोहोचतात. तेथे ठरीव मार्ग नाही. शहर आहे, घराणी आहेत, त्यांची वैरे आहेत. पुढचे खेळाडूंनी पाहावे. ही मालिका नंतर एकत्र छापण्यात आली आणि 'डंजन' मासिकाने २००४ मध्ये सर्वोत्कृष्ट तीस साहसांची क्रमवारी लावली, तेव्हा तिला पहिले स्थान मिळाले. 'टूम ऑफ हॉरर्स' तिसरे आले.

'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही पुस्तिका नवशिक्यांसाठी. प्राथमिक संचाच्या पेटीतच ती दिली जाई, त्यामुळे असंख्य मुलांचा पहिला खेळ तिच्यावरच झाला. सीमेवरची एक गढी, जवळच्या दरीत गुहांची रांग, आणि सूत्रधाराला आरंभी सविस्तर मार्गदर्शन. गढीतील माणसांना व्यवसाय आहेत, स्वभाव आहेत, पण नावे नाहीत. ती सूत्रधाराने ठेवायची. अध्यापनाच्या दृष्टीने पाहिले तर गायगॅक्स यांच्या लेखनातील ही सर्वांत चोख रचना म्हणावी लागेल. आधार पुरेसा दिला आहे आणि शिकणाऱ्याच्या हाताला कामही ठेवले आहे.

चाहत्यांशी त्यांचे नाते मात्र सरळ नव्हते. १९७५ मध्ये लॉस एंजेलिस येथून ली गोल्ड यांनी 'अ‍ॅलरम्स अँड एक्सकर्शन्स' हे हौशी नियतकालिक सुरू केले. प्रत्येक वाचक आपली पाने स्वतः छापून पाठवी आणि ती एकत्र बांधून सर्वांना मिळत. नवी साहसे, सुधारित नियम, एकमेकांच्या खेळांवरील टीका, असे त्याचे स्वरूप होते. आरंभी गायगॅक्स यांनी ह्या नियतकालिकाला पत्र लिहून विविधतेचे स्वागत केले. पण लोक मूळ नियम बाजूला ठेवून आपलेच खेळ रचू लागले, विकूही लागले, तेव्हा कंपनीच्या 'ड्रॅगन' मासिकातून त्यांनी हौशी प्रकाशनांवर कठोर टीका केली. सर्वत्र एकसारखा खेळ व्हावा हा आग्रह त्यांच्या १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात स्पष्ट दिसतो. स्पर्धा भरवायच्या तर समान नियम हवेत, हे खरे. परंतु ज्या खेळाचा जन्मच दुसऱ्यांचे नियम बदलण्यातून झाला, त्याच्या कर्त्याने इतरांना तसे करण्यास मनाई करावी, ही विसंगती त्या काळच्या चाहत्यांना खटकली आणि ती खटकण्यासारखीच होती.

दुसरी तक्रार विलंबाची. १९७९ मध्ये 'द व्हिलेज ऑफ हॉमलेट' निघाले, त्याच्या पुढच्या भागात एका दुष्ट मंदिराची कथा यायची होती. ती सहा वर्षे आली नाही. अखेर फ्रँक मेंट्झर यांनी गायगॅक्स यांच्या टिपणांवरून ती पूर्ण केली आणि १९८५ मध्ये 'द टेंपल ऑफ एलेमेंटल ईव्हिल' प्रसिद्ध झाले.

भारतीय संदर्भ

१९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये गायगॅक्स यांनी राक्षस ह्याच नावाने एक मायावी प्राणी दिला आहे आणि त्याचे मूळ भारतात असल्याचे नोंदवले आहे. सोबतच्या चित्रात तो वाघाच्या तोंडाचा, उंची अंगरखा घातलेला व चिलीम ओढणारा दाखवला आहे. हिडिंबा, घटोत्कच किंवा रावण यांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकास हा राक्षस ओळखीचा वाटणार नाही. गायगॅक्स यांना ही कल्पना रामायण-महाभारतातून नव्हे, तर एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या भागातून सुचली होती. रॉब कुंट्झ व जेम्स वॉर्ड यांच्या १९७६ च्या पुरवणीत तर भारतीय देवतांना बळाचे आकडे दिलेले आहेत. तो ग्रंथ गायगॅक्स यांचा नाही.

विरोध, वैभव आणि पदच्युती

१९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा त्याचा संबंध ह्या खेळाशी जोडला गेला. पुढे काही तरुणांच्या आत्महत्यांचे खापरही खेळावर फुटले आणि सैतानपूजेचा आरोप झाला. १९८५ मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' ह्या कार्यक्रमात गायगॅक्स यांनी खेळाची बाजू मांडली. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या व अंगरक्षक ठेवावा लागला. असा कोणताही कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. उलट ह्या गाजावाजाने खप वाढला.

कंपनीची सूत्रे मात्र त्यांच्या हातून केव्हाच निसटली होती. १९७५ च्या जानेवारीत डॉन के अकाली वारले. त्यांचा हिस्सा घेण्याइतके पैसे गायगॅक्स यांच्यापाशी नव्हते, त्यामुळे बहुमत ब्लूम कुटुंबाकडे गेले. १९८३ मध्ये ते दूरचित्रवाणी व चित्रपटाच्या कामासाठी लॉस एंजेलिसला गेले. खेळावरची सचित्र मालिका त्याच वर्षी सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. परतले तेव्हा कंपनी कर्जात बुडालेली होती. त्यांनी नियंत्रण मिळवले, परंतु ब्लूम बंधूंनी आपले भाग लॉरेन विल्यम्स यांना विकले आणि २२ ऑक्टोबर १९८५ च्या सभेत गायगॅक्स यांना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. न्यायालयात त्यांना यश आले नाही. १९८६ च्या अखेरीस त्यांनी संबंध तोडले. ग्रेहॉक हे नाव व ते जग कंपनीकडेच राहिले.

उत्तरायुष्य आणि अपुरा किल्ला

पहिला विवाह संपुष्टात आल्यावर १९८७ मध्ये गेल कार्पेंटर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 'डेंजरस जर्नीज' हा त्यांचा नवा खेळ १९९२ मध्ये निघाला. जुन्या कंपनीने दावा ठोकला, तडजोडीत खेळाचे हक्क विकत घेतले आणि तो गुंडाळून ठेवला. १९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने टीएसआर विकत घेतल्यावर मात्र जुने वैर निवळले. गायगॅक्स 'ड्रॅगन'मध्ये पुन्हा लिहू लागले. ह्या काळात ते चाहत्यांच्या प्रश्नांना आपुलकीने उत्तरे देत. तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या दालनात अमुक वस्तू का ठेवली, असल्या प्रश्नांनाही.

चाहत्यांची सर्वांत जुनी मागणी होती ती १९७२ मध्ये रचलेल्या मूळ ग्रेहॉक किल्ल्याची. तो कधीच छापला गेला नव्हता. १९८८ मध्ये जुन्या कंपनीने त्या नावाने काढलेले पुस्तक विडंबनात्मक निघाले व चाहते संतापले. नावाचा हक्क नसल्याने गायगॅक्स यांनी स्वतःच्याच आडनावाची अक्षरे उलटसुलट करून 'कासल झागिग' ह्या नावाने तो लिहावयास घेतला. २००५ मध्ये किल्ल्याजवळच्या नगराचा ग्रंथ आला. दरम्यान २००४ मध्ये त्यांना पक्षाघाताचे दोन झटके आले होते आणि महारोहिणीच्या विकाराचेही निदान झाले होते. लेखनाची गती मंदावली, तरी घरच्या ओसरीवर मित्रांसह खेळ चालू राहिला. ४ मार्च २००८ रोजी राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी किल्ल्याच्या वरच्या भागाची पेटी प्रसिद्ध झाली आणि काही महिन्यांतच गेल गायगॅक्स यांनी प्रकाशकाचा परवाना काढून घेतला. खालचे मजले अप्रकाशित राहिले.

अंत्यविधीनंतर जमलेल्या मित्रांनी त्याच दिवशी फासे काढून खेळ मांडला. त्यातून २००९ पासून लेक जिनिव्हा येथे दर मार्चमध्ये 'गॅरी कॉन' हा मेळावा भरू लागला. डेव्ह आर्नसन हेही २००९ च्या एप्रिलमध्ये वारले. दैत्यांविरुद्धची साहसे आणि 'टूम ऑफ हॉरर्स' २०१७ मध्ये, तर आणखी दोन जुनी साहसे २०२४ मध्ये खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार नव्याने छापली गेली.